वानखड्यांची गाळलेली जागा

वानखडे बोलायला लागले की वाक्यातली एक जागा गाळतात. शाळेच्या परीक्षेत असायची ना, तशी. गाळतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

"काकू, आज बाजारात ...... चांगलं आलंय."

आणि थांबतात. भुवया किंचित वर, हातातली पिशवी हातात. आता बाजारात काय चांगलं आलंय ते मला कसं ठाऊक? बाजारात हे गेले होते, मी घरी बसले होते. पण माणूस हलतच नाही म्हटल्यावर आपणच काहीतरी घालतो. मी म्हणते, "मेथी?"

"हो जी. मेथी चांगली आलीय," असं प्रसन्नपणे म्हणून ते जिना चढायला लागतात. पिशवीतून फ्लॉवर डोकावत असतो.

धायरीतल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर, वानखडे तिसऱ्या. नव्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याला शब्द आठवत नाही. जुन्या माणसाला वाटतं, मुद्दाम करतो. आमचे हे म्हणायचे, "त्याच्याशी बोलायचं म्हणजे वार्षिक परीक्षा. मी आजारी पडतो त्या दिवशी." आणि खरोखरच जिन्यात वानखडे दिसले की यांना खोकला यायचा.

सगळ्या सोसायटीला गाळलेल्या जागा भरायला लावणाऱ्या या माणसाची स्वतःची एक जागा मात्र कितीतरी दिवस तशीच पडून होती. ती भरली जाईल की नाही याची त्यांना एवढी धास्ती, की तो प्रश्नच ते तोंडातून काढत नसत. पण हे क्रमानं सांगायला हवं. मला मधूनच सुरुवात करायची खोड आहे.

वानखडे मूळचे अमरावतीकडचे. नोकरी हडपसरला, एका कंपनीत. काम डेटाबेसचं. डेटाबेस म्हणजे काय हे मी एकदा त्यांच्या घरी बसून विचारलं, आणि माझी अख्खी दुपार गेली. पण गेली ती चांगली गेली. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं मी असंच कुणाकुणाच्या दुपारी घालवून मिळवलेलं आहे.

"समजा काकू," ते म्हणाले, "कुणी डेटाबेसला विचारलं, अमुक गिऱ्हाइकाचा पत्ता दे. तर आत एक इंजिन असतं. ते आधी वाक्याचं व्याकरण बघतं. मग बघतं, पत्ता नावाचा रकाना आपल्याकडे आहे का. मग ठरवतं, शोधायचं कसं. सगळं कपाट उपसायचं, की सूची बघून नेमका खण उघडायचा. एवढा विचार झाला की मग कुठं हात हलवतं."

"शहाणं आहे."

"शहाणं आहे, पण दुसऱ्या क्षणाला दुसरं गिऱ्हाईक येते. वाक्य तेच, नाव तेवढं वेगळं. पुन्हा व्याकरण, पुन्हा रकाना, पुन्हा वाट? काहून? म्हणून वाक्य एकदाच तयार करून ठेवायचं. नावाच्या जागी नुसती खूण. तपासून झालं, वाट ठरवून झाली. आता फक्त नाव आणून त्या जागेवर ठेवा, की चाललं. दहा हजार गिऱ्हाइकं येऊ द्या."

मी जरा विचार केला. म्हटलं, "म्हणजे उखाणा."

"काय?"

"अहो, ओळी ठरलेल्या, यमक ठरलेलं, नावाची जागा मोकळी. जिनं तिनं येऊन आपापला नवरा तिथं ठेवायचा. आमच्या माहेरच्या आळीत एकाच उखाण्यावर सगळ्या बायका निभावून गेल्या."

वानखडे खुर्चीतून उठले. स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "सुनंदा! ऐकलं काय? काकूंना कळलं! तुला लग्नापासून सांगून राहिलो, काकूंना एका दुपारीत कळलं!"

आतून आवाज आला, "काकूंचं लग्न तुमच्याशी नाही झालं ना, म्हणून कळलं."

ही सुनंदा. वानखड्यांची बायको. तिचं बोलणं असं होतं, फोडणीत मोहरी पडावी तसं. तयार वाक्यं नवऱ्याकडे, ताजी हिच्याकडे, असा त्या घरातला कारभार होता.

कारण वानखड्यांनी हे ऑफिसातलं ज्ञान घरी आणलं होतं. रोजच्या वापराची वाक्यं ते एकदाच तयार करत आणि जन्मभर वापरत. तेव्हा जागा गाळत नसत हं; जागेवर शब्द स्वतःच घालत. फक्त बाकीच्या वाक्याला हात लावत नसत. कुणाकडे बरंवाईट काही झालं तर त्यांचं एकच वाक्य असे: "अमुक झाल्याचं कळलं. ऐकून राहवलं नाही. असे प्रसंग सगळ्यांवर येतात. काही लागलं तर संकोच करू नका." माझ्या भाच्याच्या लग्नात स्टेजवर जाऊन त्याचा हात हातात घेऊन वानखडे म्हणाले, "लग्न झाल्याचं कळलं. ऐकून राहवलं नाही." भाचा अजून विचारतो, मावशी, त्या काकांना नक्की काय माहीत होतं?

ऑफिसला जायचा रस्ताही त्यांनी असाच एकदा ठरवून टाकला. ठरवला रविवारी सकाळी. रस्ता मोकळा, सिग्नल झोपलेले. तीच वाट सोमवारपासून. सिंहगड रोडला गाड्यांची रांग लागलेली, आणि वानखडे त्या रांगेत शांत. सुनंदा म्हणायची, "अहो, मागच्या गल्लीतून जा ना." तर हे म्हणत, "प्लॅन ठरलाय." पुढे पुलाचं काम निघालं आणि रस्ताच बंद झाला, तेव्हा कुठं बदलले. मला सांगायला आले, जणू काही नवीनच शोध लागला. "टेबलातल्या रकान्यांची मांडणीच बदलली, काकू, की जुना प्लॅन बाद होतो. इंजिन कुरकुर करत नाही. मुकाट्यानं वाक्य पुन्हा तयार करतं."

"तुमचं इंजिन तुमच्यापेक्षा बरं," मी म्हटलं.

आणि पाण्याचा तो प्रसंग तर आमच्या सोसायटीत अजून सांगतात. टाकी धुवायची होती. पाणी किती वाजता येणार हे सेक्रेटरींना विचारून ग्रुपवर टाकायचं काम वानखड्यांकडे. त्यांचं वाक्य तयारच होतं. सेक्रेटरी खाली भेटले, पण ते आधीच तापलेले, कारण वानखड्यांची स्कूटर कुणाच्या तरी गाडीला आडवी. यांनी विचारलं, "पाणी किती वाजता?" ते म्हणाले, "आधी गाडी नीट लावा!"

पाच मिनिटांनी ग्रुपवर निरोप आला: "सर्व सभासदांना कळवण्यात येते की आज पाणी आधी गाडी नीट लावा वाजता येईल."

सेक्रेटरी धावत तिसऱ्या मजल्यावर. वानखडे म्हणाले, "जे जागेवर आलं ते ठेवलं. तयार वाक्यात हीच तर सोय आहे. जागेवर कुणी हुकूम आणून ठेवला तरी इंजिन तो पाळत नाही, त्याला नुसता शब्द समजतं. बदमाश लोक असेच हुकूम घुसवायला बघतात."

"मी बदमाश?"

"तुम्ही नाही जी. चूक माझी. ती जागा मी आकड्याची ठेवायला पाहिजे होती. मग इंजिननं तुमचा शब्द घेतलाच नसता. प्रकार जुळत नाही म्हणून परत केला असता."

स्कूटर शेवटी सुनंदानंच खाली येऊन हलवली. सेक्रेटरींना म्हणाली, "भाऊ, मनावर घेऊ नका. मलाही लग्नात यांनी, 'काही लागलं तर संकोच करू नका' असंच म्हटलं होतं."

ही दोघं आमच्या इमारतीत राहायला आली त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सुनंदाला बोलावलं. नवी म्हणून सगळ्या मागे लागल्या, नाव घे, नाव घे. वानखडे तिला सोडायला आले होते, ते दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभे. बायकांच्या कार्यक्रमात आत यावं की जावं, याचं वाक्य बहुतेक तयार नव्हतं. सुनंदानं एकदा दाराकडे बघितलं आणि जागच्या जागी जुळवून म्हणाली:

"हडपसरच्या ऑफिसात मीटिंग पुन्हा लांबली,
विनायकरावांच्या वाटेकडे आमटी बघत थांबली."

हॉल हसून हसून लोळला. बाहेर चपलांजवळ वानखडे असे उभे, की बघणाऱ्याला वाटावं यांची चप्पल हरवली. पुढची काही वर्षं दर संक्रांतीला सुनंदाचा तोच उखाणा, त्याला तेच हसू. एरवी ती त्यांना "अहो" म्हणायची, आमच्या पिढीसारखंच. नाव म्हणून काय ते तेवढंच, वर्षातून एकदा.

मग मागच्या एका उन्हाळ्यात सुनंदाला अर्धांगाचा झटका आला. सकाळी कणीक मळताना. हात परत आला, पायही हळूहळू आला, समजतही सगळं होतं. बोलणं मात्र आलं नाही. म्हणजे सुटे शब्द येत, "पाणी", "दार", "नको". वाक्य होत नसे. सुरुवात करायची, ओठ हलायचे आणि मग ती हात झटकून टाकायची. जिच्याकडे कायम ताजी वाक्यं, ती अशी बसलेली बघून आम्हीच काहीतरी बडबड करत सुटायचो. एवढ्या बडबडीत तिला तो सुटा शब्दसुद्धा शिरायला फट मिळत नसे. हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. वानखड्यांना कळलं.

एकदा गॅलरीत उभे राहून मला म्हणाले, "कनेक्शन तुटलं काकू, की त्या कनेक्शनवर तयार केलेली वाक्यं जातात. माहिती जात नाही. रकाने जागेवर, शब्द जागेवर. तिचे शब्द सगळे आहेत. वाक्यं गेलीत."

"सगळीच जातात का हो?"

"काही वाक्यं डेटाबेसच्या पोटातच साठवून ठेवलेली असतात. ती राहतात. पण ती आपण होऊन वर येत नाहीत. नावानं हाक मारावी लागते."

मला तेव्हा ते ऑफिसचंच काहीतरी वाटलं. मी म्हटलं, "काळजी घ्या, चहा पाठवते."

तर तेव्हापासून हे जागा गाळणं सुरू झालं. वाक्य ते स्वतः तयार करत आणि शब्दाची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवून थांबत. "सुनंदा, आज भाजी ...... करू?" आणि उभे. घाई नाही, सुचवणं नाही, ओठांकडे टक लावून बघणंसुद्धा नाही. पंखा फिरतोय, कुकर शिट्ट्या देतोय, वानखडे विळी घेऊन उभे. खूप वेळानं ती म्हणायची, "दोडका." की हे म्हणत, "आज भाजी दोडक्याची करू. ठीक." वाक्य पुरं होई. आणि ते दोघांनी मिळून केलेलं असे. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, बरोबर चाललंय, असंच चालू द्या. मग काय, वानखड्यांना सांगायलाच नको. घरात दिवसभर तेच, आणि तीच जीभ घेऊन जिन्यात आले की आम्हालाही तेच. मेथीचं रहस्य ते एवढंच.

सुनंदाचा खट्याळपणा मात्र शाबूत होता. एकदा मी बसलेली असताना वानखड्यांनी विचारलं, "सुनंदा, चहात ...... घालू?"

ती कितीतरी वेळ शोधत राहिली आणि मग स्पष्ट म्हणाली, "मीठ."

वानखड्यांनी डबा उघडला आणि घातलं मीठ. मी म्हटलं, "अहो, काय करताय!"

"इंजिन वाद घालत नाही, काकू. आलेली किंमत घेतं आणि चालवतं."

तिघांनीही प्यायलो तो चहा. सुनंदा एवढी हसली की कप बशीत ठेवताना कलंडला. शब्द चुकला होता की तिनं मुद्दाम म्हटलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. सांगायला वाक्य लागलं असतं.

त्या दिवशी मला सोडायला दारापर्यंत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "घरातल्या सगळ्या वस्तू भरते की हो ती आता. डबा, झाडू, खिडकी, मीठ. तुम्हाला काय म्हणते?"

"काही नाही."

"'अहो' तरी?"

"तेही गेलं." मग म्हणाले, "एक वाक्य तयार आहे, काकू. 'मी तुझा ......' एवढंच. तपासून ठेवलंय. चालवत नाही."

"का बरं?"

"शून्य आलं तर चालतं. शून्य ही पण किंमत असते. रिकामं येणं वेगळं. रिकामं म्हणजे तिथं काही नाहीच." मग ते चपला सरळ करायला लागले. त्या आधीच सरळ होत्या.

मी घरी आले आणि यांना सांगितलं. त्यानंतर त्यांना जिन्यात खोकला यायचा बंद झाला. "आज हवा ......" असं वानखडे म्हणाले की हे म्हणू लागले, "दमट."

यंदाच्या संक्रांतीला सुनंदाला बोलवावं की नाही, याचा मी बराच विचार केला. बोलावलं. न बोलावणं जास्त दिसलं असतं. वानखडे तिला धरून खाली घेऊन आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि आपले दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळ जाऊन उभे राहिले.

पहिल्या मजल्यावर नवी सून आलीय, आयटीतली. तिला नाव घ्यायला लावलं तर म्हणाली, "काकू, वन सेकंद हं," आणि मोबाइलमध्ये शोधायला लागली. आमच्या हॉलमध्ये नेट येत नाही. उखाणा अर्ध्यावर लोड होऊन अडकला. दोन ओळींतली एकच आली, नवऱ्याची ओळ आलीच नाही. बायका हसल्या, ती बिचारी लाल झाली, शेवटी नुसतंच "आदित्य" म्हणून तिनं तिळगूळ तोंडात टाकला. मग रीतच पडली, एकेक करून सगळ्या घ्यायला लागल्या. खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, त्यामुळे नाव घेणं ओळीनं कोपऱ्याकडे सरकायला लागलं. माझ्या हे उशिरा लक्षात आलं. सुनंदाच्या शेजारच्या बाईंचं झालं. कुणी पदर नीट केला, कुणी वाटीतल्या हलव्यात बोट फिरवलं. ती नवी सून तेवढी उत्साहानं म्हणाली, "नेक्स्ट?" तिला काय माहीत.

मी अत्तरदाणी घेऊन पुढे झाले, विषय मोडायला. सुनंदाकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती. सुटका करा म्हणून नव्हे. तिची पाळी होती, आणि ती पाळी मी मोडायला निघाले होते, म्हणून. भुवया किंचित वर. नवऱ्यासारख्याच.

मला वानखड्यांचं ते हाक मारण्याचं बोलणं आठवलं की नाही, आता सांगता येत नाही. मी अत्तरदाणी खाली ठेवली आणि म्हटलं, "हडपसरच्या ऑफिसात ......"

आणि थांबले. वानखड्यांसारखी. सुचवलं नाही, ओठांकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिले.

"मीटिंग," सुनंदा म्हणाली. मग चालीवर चढल्यासारखं, "पुन्हा लांबली."

कुणी हललं नाही.

पुढची ओळ नावापासूनच सुरू होते. ती तिथं जाऊन अडली. ओठ मिटले. मांडीवरचा हात उचलला गेला, आणि मला वाटलं, झटकते आता. तिनं तो परत मांडीवर ठेवला.

"विनायकरावांच्या," ती म्हणाली. अक्षर न् अक्षर सुटं, स्पष्ट. आणि पुढचं मग पळतच आलं, "वाटेकडे आमटी बघत थांबली."

हसू आलं, टाळ्या आल्या, आमच्या सेक्रेटरींची बायको नाक पुसत होती. मी दाराकडे गेले. वानखडे खाली वाकून चपला जोड्यांनी लावत होते. सगळ्यांच्या. चुकीच्या जोड्या लावत होते. नंतर बायकांचा तिथं बराच गोंधळ झाला.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

"हो जी." वाकलेलेच होते. "काकू, ते चालीबरोबर आलं, की......"

ही जागा काही त्यांनी भरण्यासाठी सोडली नव्हती. तरी मी भरली. म्हटलं, "जागेवर आलं. इंजिन वाद घालत नाही."

निघताना मी दोघांबरोबर लिफ्टपर्यंत गेले. सुनंदाच्या हातात तिळगुळाची पुडी, तिचा दुसरा हात त्यांच्या दंडावर. लिफ्ट वरून यायची होती. वानखड्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, ते तयार ठेवलेलं वाक्य आता चालवतात.

ते म्हणाले, "सुनंदा, आज भाजी ...... करू?"

ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत उभी होती. आकडा एकेक करून खाली आला. दार उघडलं.

"आमटी," ती म्हणाली.

आता आमटी काही भाजी नव्हे. प्रकार जुळत नव्हता. एरवी असा शब्द आला की तो परत करून जागा पुन्हा मोकळी ठेवायची, असा त्यांचा नियम. वानखड्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आज भाजी आमटीची करू," ते म्हणाले. "ठीक."

आणि लिफ्टचं दार लागलं.